तिसऱ्या वळणावरची पायरी

मिरन डोबीच्या कपाळावर एक आडवा चट्टा होता, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. कोळशाचा हारा पाठीवर आणि त्याचा चामडी पट्टा कपाळावर, अशी ती लहानपणापासून खाणीचा जिना चढली, त्याचा तो चट्टा. आमच्या हॅगब्रेच्या खाणवस्तीतल्या सगळ्याच बायकांची कपाळं कमीजास्त तशीच. माझंही आहे. रविवारी चर्चला जाताना शेतकऱ्यांच्या बायका टक लावून बघायच्या, मग आम्ही टोप्या भुवयांपर्यंत ओढून घ्यायचो. मिरन ओढायची नाही. "बघू देत गं," म्हणायची, "त्यांना बिचाऱ्यांना दुसरी करमणूक कुठाय?"

मी एल्स्पेथ. तिच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. खाणीत पहिल्यांदा उतरले तीही तिच्याच मागून. तिच्याबद्दल सांगत बसावं असं तिनं मोठं काही केलं नाही. पण परवा पाद्र्यांच्या नव्या बायकोनं मला समजावलं, की राणीच्या सरकारनं आम्हा बायकांना खाणीतून काढून माणसांत आणलं, त्याबद्दल आम्ही रोज देवाचे आभार मानायला हवेत. मी मान हलवली. आभार मी मानतेच. पण मिरन आठवली आणि दिवसभर कशात लक्ष लागेना.

मिरनचा बाप वेठीचा. त्याच्या काळी पोराच्या बाप्तिस्म्याला खाणीचा मालक बापाच्या हातावर बक्षिसी ठेवायचा, की ते पोर जन्मभर खाणीचं. पळून गेलं तर चोरासारखं धरून आणायचे. मग कधीतरी लंडनात कायदा झाला आणि सगळे मोकळे झाले. मिरन ही गोष्ट फार वेळा सांगायची. "बा घरी आला, रस्सा प्याला आणि आईला म्हणाला, 'अगं, आपण सुटलो.' आई म्हणाली, 'बरं झालं बाई. मग उद्या भाकरी किती बांधू?'"

आमच्याकडे कोळसा फोडणार पुरुष आणि पाठीवरून वर आणणार बाई. लग्न झालेल्याची बायको असतेच. सडाफटिंग असेल तर त्याला परक्या बाईला मजुरी देऊन ठेवावं लागे. म्हणून पोरगी बघायला येणारे आधी तिची पाठ बघत. वुल गॉवन्सनं मिरनला मागणी घातली तेव्हा तिच्या आईनं विचारलं, "काय आवडलं रे माझ्या लेकीचं?" वुल भोळा. म्हणाला, "पाठ." सगळी चाळ हसली. मिरन पुढं आयुष्यभर त्याला त्यावरून टोमणे मारत राहिली. रस्सा वाढताना पाठ करून उभी राहायची आणि म्हणायची, "घ्या, डोळे भरून बघा."

त्यांना मुलं झाली, राहिलं एकही नाही. राहिली ती ही दोघं. आणि मग वुलचा दम गेला. खाणवाल्याचा जातोच, कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा. खोकला की तोंडातून काळं पडायचं. आडवं पडून कोळसा फोडायला त्याला अजून यायचं, हात चांगले होते. पण जिना चढवेना.

आमचा जिना म्हणजे विहिरीसारख्या खड्ड्यात गोल गोल वर जाणाऱ्या लाकडी पायऱ्या. वरून पाणी गळतंय, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि तिसऱ्या वळणावरची एक पायरी केव्हाच मोडून पडलेली. तिथं ढांग टाकूनच जायचं. दिवसाचा कोळसा वर नेऊन झाला की मिरन रिकामी खाली यायची. वुलला पुढं घालायची, आपलं डोकं त्याच्या ढुंगणाखाली लावायची आणि रेटत न्यायची. चार पायऱ्या झाल्या की थांबायचं, तो खोकून घ्यायचा, परत रेटायचं. तिसऱ्या वळणावर ती भिंतीला टेकून वाकायची, तो तिच्या खांद्यावर पाय देऊन मोडकी पायरी ओलांडायचा. हे आम्हा बायकांना सगळ्यांना माहीत होतं. पुरुषांनाही असणार, पण ते कोणी बोलत नसे. मुकादमाच्या कानावर जाता कामा नये एवढं सगळे जाणून होते. ज्याला चढता येत नाही त्याची जागा दुसऱ्याला, आणि जागा गेली की घर गेलं, कारण चाळ खाणीची. नुसती जागा गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. मिरनची खरी भीती वेगळी होती. तिनं मला एकदा पाणी भरताना सांगितलं, "एक दिवस मी आजारी पडेन गं, आणि हा खालीच राहील. आज चढतो, उद्या चढतो, असं म्हणत अंधारात बसून राहील. हाक मारायचीसुद्धा लाज वाटेल मेल्याला."

राणी तेव्हा कोवळी होती आणि लंडनातल्या सरकारांना सुधारणांचा नाद लागला होता. एक पक्ष जायचा, दुसरा यायचा, सुधारणा काही थांबत नव्हत्या. गिरणीतल्या पोरांसाठी कायदा झाला, शहरांच्या कारभारासाठी झाला, पत्र एका पेनीत कुठंही जायला लागलं. आम्हाला पत्र लिहिणारं कोणी नव्हतं. मग एका वसंतात आमचीही पाळी आली. खाणीतली बायकापोरं काय करतात याची चौकशी करायला काळ्या कोटातला एक साहेब आला, आणि त्याच्याबरोबर चित्रं काढणारा एक तरुण.

आदल्या दिवशी मिरननं आम्हाला विहिरीपाशी जमवलं. तिनं सगळा बेत आखला होता.

"हे बघा, हा मालकाच्याही वरचा साहेब आहे. ह्यानं झापलं की मालक दुसऱ्या दिवशी सुतार धाडणार. तेव्हा कोणी शहाणपणानं 'बरं चाललंय' म्हणू नका. सगळं सांगायचं. पाय सुजतात ते सांगायचं, गरोदरपणाचं सांगायचं. रडू आलं तर रडायचं."

"आणि नाही आलं तर?" मी विचारलं.

"तर माझ्याकडे बघ. मी चिमटा काढते."

आता हसू येतं. आम्हाला वाटायचं, साहेब म्हणजे मुकादमाचा मुकादम. त्याच्या पुढं गाऱ्हाणं घातलं की मोडलेलं दुरुस्त होतं. मोडलेलं दुरुस्त करायचं सोडून कोणी वापरणाऱ्यालाच हाकलून देईल, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

साहेब खाणीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसला. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत कणव होती त्याच्या. मिरन पुढं झाली आणि बोलत सुटली.

"साहेब, गुरांना असं राबवलं तर गुरंही लाथा झाडतील. माझी पोरं पोटातच दमली साहेब, म्हणून जगली नाहीत. आणि तिसऱ्या वळणावर पायरी नाहीये."

पोरं जगली नाहीत म्हणताच साहेबाची लेखणी भराभर चालली. पायरी आली तिथं थांबली.

"आणखी काही?" साहेब म्हणाला.

"पायरी साहेब. तिसऱ्या वळणावरची. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"होय, होय," साहेब म्हणाला, आणि त्यानं रुमालानं डोळे टिपले.

चित्रवाल्यानं तिला हारा घेऊन वाकायला लावलं. झाल्यावर तिनं कागदात डोकावून पाहिलं.

"अहो, माझं तोंड कुठंय?"

"वाकल्यावर दिसत नाही, बाई."

"मग माझ्यासाठी कशाला अडलं होतं? घोड्याची काढायची होती पाठ. तोही तुमच्यासमोर इतका वेळ उभा राहिला नसता."

घरी जाताना ती खूश होती. वुलला म्हणाली, "महिनाभरात पायरी बसते बघ." वुल म्हणाला, "तुझ्या तोंडात साखर पडो," आणि खोकत सुटला.

महिने गेले. रोज खाली उतरताना मिरन सगळ्यात पुढच्या बाईला हाक मारून विचारायची, "पायरी बसवली का गं?" आणि वरून खालपर्यंत बायका हसायच्या.

मग एका रविवारी पाद्र्यांनी उपदेशात सांगितलं, की लंडनात आमची चित्रं छापली आहेत, ती बघून थोरामोठ्यांच्या बायका रडल्या, आणि पार्लमेंटानं एकमुखानं ठरवलंय, यापुढं कोणतीही बाई खाणीत उतरणार नाही. मिरन माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "माझी पाठ बघून रडल्या म्हणे."

मी खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. माझ्या दोन पोरी होत्या, थोरली नुकतीच हारा उचलायला लागली होती. तिच्या कपाळावर चट्टा उठणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं. चाळीतल्या तरण्या पोरी त्या दिवशी अंगणात फेर धरून नाचल्या. बाकीच्या बायका उंबऱ्यात बसून राहिल्या. विधवा होत्या, आजारी नवऱ्यांच्या होत्या, थोराड झालेल्या होत्या. त्यांना कोण ठेवणार होतं? शेतकरी म्हणत, खाणीतल्या बायकांना शेण आणि दूध यांतला फरक कळत नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. मिरननं एक पायरी मागितली आणि सरकारनं तिच्या पायाखालचा जिनाच काढून घेतला.

मुदत संपली तेव्हा मुकादम प्रिंगल खाणीच्या तोंडाशी उभा राहिला आणि बायकांना परत पाठवू लागला. हा प्रिंगल म्हणजे लांब नाकाचा, खडूस, पण कुणाच्या घरात चूल पेटली नाही हे त्याला न सांगता कळायचं. मिरन त्याच्यासमोर उभी राहिली.

"आम्ही गेलो तर कोळसा वर कोण आणणार?"

"ते सरकारला विचार. रडायला सरकारकडे गेली होतीस ना?"

"भीक नको पण कुत्रं आवरा म्हणायची वेळ आली," मिरन म्हणाली, आणि घरी आली.

त्या दिवशी वुल एकटाच उतरला. रात्रपाळी नव्हती, सगळे पुरुष संध्याकाळी वर आले, वुल आला नाही. मिरन खाणीच्या तोंडाशी उभी होती. आत जाता येईना, आणि कुणाला सांगताही येईना की माझा नवरा खाली बसलाय, त्याला चढता येत नाही. शेवटी माझा नवरा काहीतरी विसरल्याचं निमित्त करून परत उतरला आणि बऱ्याच वेळानं वुलला घेऊन आला. वुलचे ओठ निळे पडले होते. त्या रात्री भिंतीपलीकडून एकच आवाज येत होता, तो श्वास ओढायचा, आणि मधूनच मिरनचा, "घे. आणखी एक घे. हं, आणखी एक."

दुसऱ्या दिवशी ती वुलची जुनी विजार घालून, केस कापून, काळी टोपी ओढून घराबाहेर पडली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं टोपी भुवयांपर्यंत ओढली.

"हा कोण गं?" मी विचारलं.

"वुलचा चुलतभाऊ. डेव्ही." आवाज जाड करून ती म्हणाली. "मुका आहे बिचारा."

"मुका आहे तर बोलतोय कसा?"

"आजपासून आहे."

सगळी चाळ डेव्हीला ओळखत होती. पुरुष त्याला तंबाखू विचारायचे. कुणी म्हणायचं, "डेव्ही, लग्नाचं बघ आता, पाठ चांगली आहे तुझी." मिरन मुकी, तेव्हा फक्त हातानं खुणा करायची, आणि त्या खुणा पाद्र्यांना दाखवण्यासारख्या नसायच्या. असे डेव्ही आणखीही काही होते आमच्याकडे. पण दिवसभर हारा वाहून संध्याकाळी नवऱ्याला डोक्यानं रेटणारा डेव्ही एकच.

आणि एक दिवस प्रिंगल काही कामानं जिन्यावरून खाली येत होता, तेव्हा नेमकी तिसऱ्या वळणावर ही जोडी त्याच्या दिव्याच्या उजेडात सापडली. वुलचा एक पाय डेव्हीच्या खांद्यावर, दुसरा हवेत. माझा नवरा त्यांच्या मागंच होता, त्यानं हे सगळं मला सांगितलं. कोणी हललं नाही. वुल बोलायला गेला तर नुसती शिट्टी वाजली छातीतून. मुकादमानं दिवा खाली धरून डेव्हीचं तोंड पाहिलं.

"हा कोण?"

"चुल... चुलतभाऊ," वुल म्हणाला.

"हं." प्रिंगलनं दिवा वुलच्या तोंडाकडे नेला, मग पुन्हा खाली आणला. "चुलतभावाला सांग, सरकारचा तपासनीस गुरुवारी येतोय. खाली काही उतरत नाही तो, वरूनच विचारतो. तरी डेव्हीला गुरुवारी ताप येऊ दे."

मग त्यानं वुलचा दुसरा पाय धरला, वरच्या पायरीवर ठेवला आणि बाजूनं उतरून गेला. हे सगळं दयेपोटी होतं असं मी म्हणणार नाही. कोळसा वर यायला हवाच होता, आणि बायकांच्या जागी आलेले पुरुष भलतेच नाजूक निघाले होते.

ते खरंच नाजूक निघाले. बायांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिलं ते ओझं बघून चांगले धडधाकट गडी म्हणाले, हे माणसाचं काम नाही. जिना धोक्याचा आहे म्हणाले. आणि काय आश्चर्य, मालकाला ते पटलं! हिवाळा सरता सरता खाणीत रूळ आले, गाड्या ओढायला तट्टू आलं, आणि खड्ड्याच्या तोंडावर वाफेचं इंजिन धडधडायला लागलं. कोळसा दोरखंडाला टांगलेल्या पाळण्यातून वर, माणसंही त्याच पाळण्यातून वर. आम्ही चाळीतून ते बघत उभ्या होतो. एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे हे होण्यासारखं होतं तर." मला इतका संताप आला होता की घरात जाऊन मी दोन ताटल्या फोडल्या, आणि मग त्यांचंच वाईट वाटत राहिलं.

मिरनला संताप आला नाही. पाळणा सुरू झाला त्या संध्याकाळी वुल त्यातून वर आला, कोरडा, ओठ लाल. वरच्या कठड्यावरून पाऊल टाकून बाहेर आला आणि हसला. मिरन माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "आला गं," ती म्हणाली. "आपला आपण आला." मग खाली बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.

डेव्हीची गरज संपली. गरज सरो, वैद्य मरो. प्रिंगल दारात येऊन एवढंच म्हणाला, "डेव्ही गावाला गेला म्हणे?" मिरन म्हणाली, "गेला." विजार धुऊन तिनं घडी करून ठेवली. काम तिला कुठं मिळालं नाही. वर कोळसा निवडायला तरण्या पोरींना घेतलं. ती घरात बसली आणि वर्षभरात म्हातारी झाली. पाठीवरचा हारा उतरला की जी ताठ उभी राहायची ती आता चुलीपुढं वाकलेली दिसायची. पण पहाटे उठून वुलची भाकरी बांधायची, त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळायची आणि तो वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहायची. आयुष्यभर दोघं बरोबर निघालेली. आता तो निघायचा आणि ती दारात उभी राहायची, एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

इंजिनाबरोबर पश्चिमेकडचे नवे कामगार आले होते. त्यांची एक रीत होती. सकाळी खाणीवर जाताना बाई आडवी आली की ते तोंड फिरवून घरी परतायचे. त्या दिवशी खाली उतरलं तर अपघात ठरलेला म्हणे. आमचे पुरुष आधी हसले. "आमच्या खाणीत बाया नसत्या तर कोळसा काय उडत वर आला असता?" पण मग त्यांतल्या एकाच्या पायावर दगड पडला, आणि पडायच्या दिवशी त्याला विहिरीवर कोणीतरी बाई दिसली होती असं निघालं. त्यानंतर आमचेही हसेनासे झाले. पुरुषांना भीती वाटायला वेळ लागत नाही, आणि अक्कल यायला जन्म लागतो. माझ्या नवऱ्यानं एकदाच तोंड उघडलं. मी म्हटलं, "तुझ्या आईनं तुला खाणीत वाहिलंय पोटात असताना. परत बोललास तर भाकरी मिळणार नाही."

वुलची हिंमत व्हायला बरेच दिवस लागले. मी अंगणात बादली घेऊन उभी होते, अजून अंधारच होता. मिरननं मफलर गुंडाळला, तो निघाला, आणि दोन पावलांवरून परत आला.

"मिरन."

"काय राहिलं?"

"ते... सकाळी दारात नको उभी राहूस." तो खाली बघत होता. "पोरं म्हणतात. नवी पोरं. मला काही वाटत नाही, पण ती थांबून राहतात ना कोपऱ्यावर. तू आत जाईपर्यंत."

माझ्या हातातली बादली मी आपटली. "वुल गॉवन्स! कुणाच्या डोक्यावर बसून वर आलास रे तू? सांगू का तुझ्या त्या पोरांना?"

"एल्स्पेथ, गप बस," मिरन म्हणाली. आवाज अगदी तोच, बापाची गोष्ट सांगतानाचा. मग त्याला म्हणाली, "जिन्याचं काय केलं रे त्यांनी?"

"बंद केला. फळ्या ठोकल्या तोंडावर."

"आणि पायरी?"

"कोण बसवणार आता?"

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम खिडकीशी बसले होते. चाळीतली सगळी दारं बंद होती. वुल बाहेर आला आणि त्याच्यामागं दार लोटलं गेलं. मग त्याला भाकरी आठवली असावी. तो तसाच थांबला. दार बोटभर उघडलं, फटीतून तिचा हात बाहेर आला, हातात भाकरीचं पुडकं. त्यानं ते घेतलं. तरी तो जाईना, तिथंच उभा राहिला, चढण समोर दिसल्यासारखा. तेव्हा तो हात पुन्हा बाहेर आला, त्याच्या पाठीला टेकला आणि त्यानं त्याला हलकेच पुढं रेटलं.